एमआरआय कुठे करायचा : १००, ६० की ४०?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या मिस्टरांची कंबर अडीच महिन्यांपासून दुखते आहे. आता कळ डाव्या पायात उतरते आणि अंगठ्याला मुंग्या येतात. डॉक्टरांनी कमरेच्या मणक्याचा एमआरआय सांगितला आहे. ताईंनी तीन ठिकाणी फोन केले आणि तिन्हीकडचे दर ऐकून चक्रावल्या. "तपासणी एकच, मग भाव असे कसे? स्वस्तातलं केलं तर फसू का? आणि महागातलं करायचं तर बचत मोडू की रुग्णालय देतंय ते हप्ते घेऊ?"

रकमा छापू नका असं त्यांनी बजावलं आहे, म्हणून रुग्णालयाचा दर १०० धरतो. त्या मापाने गावातल्या स्वतंत्र तपासणी केंद्राचा दर ६० येतो आणि तिसऱ्या केंद्राचा ४०. या तिसऱ्याने वर असंही सांगितलंय, "आणखी १५ द्या, पूर्ण मणक्याचं स्क्रीनिंग करून देतो."

ताई, आधी एक गोष्ट, जी माझ्या, म्हणजे पैशांच्या, विषयातली नाही. लघवीवरचा ताबा जाणं किंवा लघवी अडकणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पाऊल उचलता न येणं, यातलं काहीही दिसलं तर दर विचारत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. तसं नसेल तर चार दिवस चौकशीत घालवायला हरकत नाही, आणि ते चार दिवस वाया जाणार नाहीत.

माझा कल ६० वाल्याकडे आहे. पण तुमच्या विमा पॉलिसीत अशी एक अट आहे की उद्या शस्त्रक्रिया करावी लागली, तर १०० वालाच सगळ्यांत स्वस्त पडेल.

दर एवढे वेगळे का, हे कळलं की निम्मी भीती जाते. बहुतेक एमआरआय मशीनचं चुंबक अतिवाहक असतं, म्हणजे अतिथंड ठेवलं की त्यातून वीज विनाअडथळा वाहते. त्याची गुंडाळी द्रवरूप हेलियमच्या मदतीने उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवावी लागते. चुंबक रात्रंदिवस चालूच असतं, आत पेशंट असो वा नसो. म्हणजे मशीनची किंमत, वीज, देखभाल, तंत्रज्ञांचे पगार हा खर्च ठरलेला, आणि एका जादा पेशंटमागे वाढणारा खर्च अगदी किरकोळ. ज्या केंद्रात सकाळपासून रात्रीपर्यंत रांग असते त्याला दर खाली आणणं परवडतं. रुग्णालयाच्या दरात मात्र अपघात विभाग, चोवीस तासांचा स्टाफ आणि इमारत या सगळ्यांचा वाटा घातलेला असतो. तुमच्या मिस्टरांच्या स्कॅनला त्यातलं काहीच लागणार नाही. १०० आणि ६० मधला फरक बव्हंशी हाच आहे, आणि दोन्हीकडे एकाच ताकदीचं मशीन असणं अगदी शक्य आहे. याच हिशेबाने रिकामा तास म्हणजे केंद्राचा सरळ तोटा, म्हणून रात्री उशिराची किंवा पहाटेची वेळ घेतली तर काही कमी होईल का, हे विचारायला लाजू नका.

आता दर खरंच एकाच गोष्टीचे आहेत का ते बघा. फोनवर "एमआरआय कितीला?" एवढंच विचारलं की समोरचा आपल्या सोयीचा आकडा सांगतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर साधा स्कॅन लिहिलाय की कॉन्ट्रास्टसह, हे पाहा. कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून गॅडोलिनियमचा डाय देतात. मणक्यावर आधी ऑपरेशन झालेलं असेल किंवा जंतुसंसर्ग वा गाठीचा संशय असेल, तर बहुधा तो लागतो. मग डायचे वेगळे पैसे, इंजेक्शनचे वेगळे आणि मूत्रपिंडाचं काम तपासायला आधी रक्तातलं क्रिएटिनिन करायला सांगितलं तर तेही वेगळे. फिल्म, सीडी आणि रेडिओलॉजिस्टचा रिपोर्ट दरात धरलाय का, तेही विचारा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा प्रकार इथे सर्रास होतो. "सगळं धरून, हातात रिपोर्ट पडेपर्यंत किती?" हा प्रश्न तिन्हीकडे याच शब्दांत विचारा आणि उत्तर मेसेजवर मागून घ्या.

मशीन किती टेस्लाचं, हेही विचारा; टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप. कमरेच्या मणक्यासाठी १.५ टेस्ला साधारणपणे पुरतं. "आमच्याकडे ३ टेस्ला आहे" म्हणून कोणी जादा पैसे मागितले, तर तुमच्या डॉक्टरांनी तसं मागितलंय का एवढंच बघा. उलट ४० वाल्याचं मशीन कमी ताकदीचं ओपन एमआरआय असेल, तर स्वस्ताईचं कारण तिथेच सापडेल. बंद नळीत गुदमरणाऱ्यांसाठी ते वरदान आहे, पण चित्र तितकं सुस्पष्ट येत नाही आणि वेळ जास्त लागतो. "त्यापेक्षा सीटी करून टाका, स्वस्त पडतं" असा सल्ला देणारं कोणी ना कोणी भेटतंच. सीटीत हाड छान दिसतं, पण चकती आणि नस एमआरआयइतकी नीट दिसत नाही. शिवाय छातीच्या एका एक्स-रेत साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट एवढी किरणांची मात्रा शरीराला मिळते, मणक्याच्या सीटीत त्याच्या कितीतरी पट, आणि एमआरआयमध्ये असले किरण नसतातच. खर्चाकडे बघून तपासणी बदलायची नसते.

मला सगळ्यांत जास्त बोलायचंय ते रिपोर्टबद्दल, कारण पैसे आपण त्यासाठी मोजतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी दर वेळी सांगतो. कंबरदुखी आणि पायात कळ असलेल्या ६३ वर्षांच्या एका बाईंचा तीन आठवड्यांत १० वेगवेगळ्या केंद्रांत एमआरआय केला. बाई तीच, मणका तोच. दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळे दोष नोंदवले गेले. दहाही जणांनी लिहिलेला असा त्यातला एकही नव्हता. जवळजवळ एक तृतीयांश दोष तर फक्त एकेकाच रिपोर्टात होते.

हे वाचल्यापासून मी केंद्राच्या चकचकीत प्रतीक्षालयाकडे बघणं सोडलं आहे. स्कॅन मशीन काढतं, पण त्याचा अर्थ माणूस लावतो, आणि तो माणूस कोण हे दरपत्रकावर लिहिलेलं नसतं. म्हणून विचारा : रिपोर्ट कोण देतं, ते मणक्याचे स्कॅन नेहमी बघतात का, आणि गरज पडली तर तुमचे सर्जन त्यांच्याशी फोनवर बोलू शकतील का. महागड्या ठिकाणी हे सगळं आपोआप मिळतं अशी समजूत करून घेऊ नका. तिथेही विचारा.

त्याहून मोलाचा प्रश्न सर्जनसाठी आहे. "ऑपरेशनचा निर्णय घ्यायची वेळ आली, तर या केंद्राचे फोटो तुम्ही चालवून घ्याल, की पुन्हा करायला लावाल?" उत्तर ऐकलं की गणित सोपं होतं. ४० वाल्याकडे स्कॅन केला आणि तो बाद ठरून ६० वाल्याकडे पुन्हा करावा लागला, तर एकूण १०० गेले. हिशेब मांडला तर असं दिसतं की पुन्हा करावं लागण्याची शक्यता तीनात एक असेल, तर ४० आणि ६० एकाच पातळीवर येतात. शक्यता त्याहून कमी असेल तर ४० वाला खरंच स्वस्त, जास्त असेल तर तो महाग. सर्जन म्हणाले, "तिथले फोटो चांगले असतात, मी नेहमी बघतो," तर बिनधास्त ४० वाल्याकडे जा, माझी हरकत नाही. ते नुसतंच "बघू" म्हणाले, तर ६०.

यातला एक फटका मी स्वतः खाल्ला आहे. गुडघ्याचा स्कॅन सगळ्यांत कमी दरात करून मी मोठ्या ऐटीत घरी आलो. हातात नुसत्या फिल्म्स, सीडी नाही. दुसऱ्या डॉक्टरांना मूळ चित्रं संगणकावर फिरवून बघायची होती. मी केंद्रात परत गेलो तेव्हा कळलं की तो डेटा त्यांनी पुसून टाकला होता. दुसऱ्यांदा पैसे भरले. लोकांना पैशांचा सल्ला देणारा मी, घरी आठवडाभर मान खाली घालून वावरलो. तेव्हा डायकॉम फाइल्स, म्हणजे स्कॅनची मूळ चित्रं, असलेली सीडी किंवा पेन ड्राइव्ह घेतल्याशिवाय केंद्राची पायरी उतरू नका.

डॉक्टरांनी एकाच केंद्राचं नाव लिहून चिठ्ठी दिली आहे का? तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण बहुतेक घरांत गाडी तिथेच अडते. अमेरिकेत पायाच्या एमआरआयबाबत २०१८ मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं की पेशंट घरापासून निघून ठरलेल्या ठिकाणी पोचेपर्यंत सरासरी सहा स्वस्त केंद्रं ओलांडून जातात. कोण कुठे जाणार हे दर, अंतर यांपेक्षा चिठ्ठी देणारे डॉक्टर कोण, यावरच जास्त ठरत होतं. नाव लिहिण्यामागे विश्वास असू शकतो, सवय असू शकते आणि कधीकधी कमिशनही असतं. "मी दुसरीकडे केला तर चालेल ना?" असं शांतपणे विचारलं की कारण काय ते बहुधा कळतं.

आता विमा. पॉलिसीच्या पानांचे फोटो पाठवलेत ते बरं केलंत. तुम्ही स्वतः एवढंच वाचलंय की रुग्णालय विमा कंपनीच्या यादीत आहे आणि बाकी दोन नाहीत. त्याच्या खालच्या ओळीत खरी मेख आहे. आपल्या मापात तुमचं डिडक्टिबल १५० आहे, म्हणजे वर्षातले पहिले १५० तुम्हीच भरायचे. त्यापुढच्या खर्चावर को-पे, म्हणजे तुमचा वाटा, २० टक्के. यंदा तुम्ही एकही दावा केलेला नाही. आणि यादीबाहेर रोखीने केलेला खर्च त्या १५० मध्ये धरला जात नाही.

समजा स्कॅन झाला, औषधं आणि व्यायाम यांवर भागलं. मग रुग्णालयात गेलात तर पूर्ण १०० तुमच्या खिशातून जातात, कारण डिडक्टिबल संपलेलंच नाही. ६० वाल्याकडे ४० वाचतात.

समजा याच पॉलिसी वर्षात यादीतल्या रुग्णालयात मोठी शस्त्रक्रिया झाली. तेव्हा ते १५० तुम्ही कसेही भरणारच. स्कॅन रुग्णालयात केलेला असेल तर त्याचे १०० त्यात वळते होतात. बाहेर केला असेल तर ते ६० वेगळेच गेले आणि डिडक्टिबल पुन्हा पहिल्यापासून. को-पे धरून हिशेब केला, तर या परिस्थितीत रुग्णालय ६० वाल्यापेक्षा ४० ने आणि ४० वाल्यापेक्षा २० ने स्वस्त पडतं.

थोडक्यात, शस्त्रक्रिया याच वर्षी होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असेल तरच १०० वाला ६० वाल्याला मात देतो. चकती सरकून पायात येणारी कळ बहुतेकांच्या बाबतीत ऑपरेशनशिवायच ओसरते, म्हणून माझा कल ६० कडे. पण तुमच्या मिस्टरांचा मणका मी पाहिलेला नाही. "अंदाजे किती शक्यता वाटते?" हे डॉक्टरांनाच विचारा, आणि पॉलिसीचं वर्ष कधी संपतं ते बघून घ्या. दोन महिन्यांत नूतनीकरण असेल आणि ऑपरेशन त्यानंतर झालं, तर आज भरलेल्या १०० चा डिडक्टिबलसाठी काही उपयोग होणार नाही. रुग्णालयच ठरलं तर पूर्वमंजुरी लागते का, हे स्कॅनच्या आधी विचारा.

१५ जादा देऊन मिळणारं पूर्ण मणक्याचं स्क्रीनिंग डॉक्टरांनी सांगितलेलं नसेल तर घेऊ नका. काहीही दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन तपासणाऱ्या अभ्यासांचा २०१५ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. विशीतल्या ३७ टक्के धडधाकट माणसांच्या चकत्यांची झीज दिसली आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. मानेत आणि पाठीत असं काही ना काही सापडणारच. मग त्यापायी आणखी तपासण्या, आणखी फेऱ्या, रात्रीची झोप गेलेली. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायला वर पैसे कशाला मोजायचे?

राहिले हप्ते. सहा हप्ते, व्याज शून्य, असं रुग्णालयाने सांगितलंय. प्रक्रिया शुल्क आहे का, आणि एक हप्ता चुकला तर मागचं सगळं व्याज लागतं का, हे लेखी विचारा. शुल्क ३ असेल तरी १०० चे १०३ झाले. मुख्य अडचण वेगळीच आहे : हप्त्यांच्या मोहाने माणूस महाग पर्याय निवडतो, कारण महिन्याचा आकडा लहान दिसतो. तुमच्याकडे चार महिन्यांचा घरखर्च भागेल एवढा आपत्कालीन निधी आहे. तो वापरायला जीव होत नाही असं तुम्ही लिहिलंय, पण अडीच महिने कळ सोसणारा माणूस घरात असताना तो वापरायचा नाही तर कधी? त्यातून ६० काढा आणि दर महिन्याला १० याप्रमाणे सहा महिन्यांत परत भरा. मुदत ठेव मोडायची गरज नाही.

उद्या आधी सर्जनना फोन करा, मग विमा कंपनीला, आणि केंद्राची वेळ त्यानंतरच घ्या. जुना एक्स-रे किंवा रिपोर्ट घरात असेल तर तोही बरोबर न्या, रेडिओलॉजिस्टला तुलनेला लागतो. आणि मिस्टरांच्या अंगात कुठे पेसमेकर, क्लिप किंवा धातूचा तुकडा असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. नाहीतर ऐन वेळी परत पाठवतील आणि रजेचा दिवस फुकट जाईल.