कुत्र्यांना घेऊन दक्षिणेकडे निघताना

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. दिवाळी आटोपली की दोन्ही कुत्र्यांना होडीत घालून, शीड उभारून पणजीहून कारवार गाठायचं, हा तुझा बेत वाचला. बेत चांगला, पण घाई नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळं उठतात. २०१९ साली क्यार आलं ते ऐन दिवाळीत. तुळशीचं लग्न होऊ दे, डिसेंबर उजाडू दे, पहाटे जरा गारठा पडायला लागला की निघ.

मांडवीच्या मुखाशी असलेल्या आग्वादपासून कारवार साधारण ४५ सागरी मैल. चार नॉटनं, म्हणजे तासाला चार सागरी मैलांनी, धरलं तरी अकरा तास. एका दिवसात होईल, पण करू नकोस. शिस्त लागलेलं कुत्रं होडीत घाण करत नाही, तासन्‌तास कळ काढत बसतं. म्हणून आतापासूनच घरी काथ्याच्या पायपुसण्यावर सवय लाव आणि तेच पायपुसणं, न धुता, डेकवर बांध. तरीही पहिला मुक्काम बेतूल, दुसरा आगोंद किंवा पाळोळे असाच ठेव. बेतूलला साळ नदीच्या मुखाशी वाळू साचते, तेव्हा भरती बघूनच आत शीर.

पहाटे मतलई वारा असतो, किनाऱ्यालगत पाणी सपाट. दुपारी वायव्येचा खारा वारा धरतो आणि दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीशी येतो. खरा घोळ इथेच आहे. पाठच्या वाऱ्यात होडी डुलते, कुत्री ओकतात आणि शीड अचानक दुसऱ्या कुशीला गेलं की बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, सपकन फिरते. माणूस वाकतो, कुत्र्याला काय कळणार? बूम दोरानं पुढे ताणून बांध, कुत्री कॉकपिटमध्येच ठेव. लाइफ जॅकेट पाठीवर मूठ असलेलंच घे. पाण्यात पडलेलं भिजकं कुत्रं त्याशिवाय वर ओढता येत नाही. निघायच्या आधी भरपेट खाऊ घालू नकोस. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला अर्धा-पाऊण लिटर गोडं पाणी लागतं, दुपारच्या उन्हात जास्तच. तहानेनं समुद्राचं पाणी प्यायलं तर जुलाब-उलट्या ठरलेल्या.

मुरगावचा जहाजमार्ग काटकोनात, झटपट ओलांड.

किनाऱ्यावर उतरलास तरी पट्टा सोडू नकोस. आगोंद आणि गालजीबागला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, कुत्री ती उकरतात. शिवाय रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, जाळ्यातले केंड (फुगणारे विषारी मासे) वाळूतच फेकून देतात. केंडाचं विष वाळल्यावरही जात नाही, आणि त्यावर उतारा नाही. कारवारजवळचं अंजदीव बेट नौदलाकडे आहे. कुत्री कितीही कण्हली तरी तिथे उतरायचं नाही. रेबीजच्या लशीचे कागद पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेव.

परतीचं तू काहीच लिहिलं नाहीस. येताना हाच वायव्येचा वारा तोंडावर असेल, लाटा अंगावर येतील. कुत्र्यांना कारवारहून मोटारीनं आणायला कुणीतरी आधीच ठरवून ठेव.

तुझा,
काका