इंदूरच्या सिरपूर तलावाकाठी जांभळ्या फुलांचं काटेरी रोप दिसतं, ते तालिमखान्याचं का? त्याचं बी काढून डिंकाच्या लाडवात घालता येईल का?

वर्णनावरून तालिमखानाच वाटतो. कोळसुंदा, विखरा ही त्याचीच नावं, संस्कृतात कोकिलाक्ष. खात्री करायला नुसतं फूल पाहू नका, पेर बघा: पानांचा झुबका, त्यात पिवळट, सरळ सहा काटे आणि काट्यांच्या बुडाशी दोन ओठांची फुलं. तिन्ही खुणा जुळल्या नाहीत तर बी तोंडात घालू नका.

लाडवात बी छान चालतं, पण सिरपूरचं नको. ती पक्ष्यांची जागा आहे, २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. शिवाय हे बी धुताच येत नाही. चिमूटभर बी बशीत घेऊन चमचाभर पाणी टाका. बियांवर चिकटलेले बारीक केस लगेच फुलतात आणि सगळ्याचा बुळबुळीत गोळा होतो, बोटाला लागला तर सुटत नाही. म्हणजे काठावरचा चिखल, सांडपाणी, जे बियांना लागलं असेल ते तसंच पोटात जाणार. तेव्हा गावाकडच्या स्वच्छ तळ्याकाठचं घ्या, मालकाला विचारून.

पौष-माघात रोप तपकिरी पडलं की जाड हातमोजे घालून विळ्यानं कापा. फार उशीर केलात तर बोंडं फुटून बी सांडतं. ताडपत्रीवर तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवा, काठीनं झोडपा, मग पाखडा आणि चाळा. दव पडायच्या आत रोज झाकायचं, नाहीतर बियांचे गठ्ठे होतात.

किलोभर लाडवांच्या मिश्रणाला २५ ग्रॅम बी पुरे. थोड्या तुपात मंद आचेवर दोनेक मिनिटं परता आणि जाडसर कुटा. करपलं की कडू लागतं. कोरडं बी नुसतं गिळू नका, घशात फुगून अडकतं. आयुर्वेदात चूर्णाची मात्रा साधारण ३ ते ६ ग्रॅम आहे. गरोदरपणात किंवा लघवीची, रक्तदाबाची औषधं चालू असतील तर आधी वैद्यांना विचारा.

इंदूरच्या सियागंज बाजारातून आणणार असाल तर नुसतं ‘तालमखाना’ म्हणू नका, पुष्कळदा उपवासाचा पांढरा मखाना पुढे येतो. तो वेगळ्याच पाणवनस्पतीचा. आपलं बी तपकिरी, चपटं, तिळाहून जरा बारीक. शंका आली तर दुकानातच चार दाणे तळहातावर घेऊन पाण्याचा थेंब टाका.