टुरिस्ट टॅक्सीसाठी जुनी डिझेल गाडी घेणाऱ्या भाच्याला पत्र

प्रिय भाच्या,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेले तिन्ही गाड्यांचे फोटो पाहिले, एजंटचा मेसेजही वाचला. सिंहस्थाच्या आधी गाडी रस्त्यावर यायला हवी ही तुझी घाई मला समजते. पण ती घाई एजंटलाही समजते, आणि नाशिकमध्ये सध्या प्रत्येक जुनी गाडी त्याच हिशेबाने दाखवली जाते आहे. सिंहस्थ संपेल, हप्ते मात्र पुढे तीन-चार वर्षं चालू राहतील. त्यामुळे पर्वणीच्या गर्दीला चालेल अशी गाडी बघू नकोस. एरवीच्या मंगळवारी शिर्डीचं एकच भाडं मिळालं तरी परवडेल, अशी बघ.

आधी डिझेलच हवी का, ते ठरव. शहरातल्या शहरात अ‍ॅपवर चालवणार असशील तर सीएनजी घे, वाद नको. पण तुझं काम नाशिकरोड स्टेशनवरून त्र्यंबक, शिर्डी, वणी, नाहीतर थेट मुंबई विमानतळ, असं आहे. चार माणसं, त्यांच्या बॅगा, घाट आणि पहाटेची वेळ. सीएनजीची टाकी डिकी खाते आणि पंपावरची रांग भाड्याची वेळ खाते. या कामाला डिझेल अजूनही बरं, असं माझं मत आहे.

आता पहिल्या गाडीबद्दल, म्हणजे त्या मारुती डिझायरबद्दल. आठ वर्षं टॅक्सीच्या पिवळ्या नंबरपाटीवर चाललेली गाडी आणि मीटरवर ७८ हजार? म्हणजे महिन्याला आठशे किलोमीटर. शिर्डीच्या पाच फेऱ्याही त्यात बसत नाहीत. तेवढ्यावर कुणी ड्रायव्हरचा पगार, विमा आणि पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) भागवत नाही. मीटर मागे घेतलेला आहे, किंवा गाडी बराच काळ उभी होती, दोन्ही वाईटच. मला विचारशील तर तीन लाख किलोमीटर पळालेली पण एकाच मालकाची, सर्व्हिसची बिलं जपून ठेवलेली गाडी मी आनंदाने घेईन. जास्त पळालेल्या डिझेल इंजिनाला घाबरायचं कारण नाही. वेळेवर ऑइल बदललं आणि इंजिन कधी तापू दिलं नाही तर ते पळतच राहतं. घाबरायचं ते खोट्या आकड्याला, कारण मग टायमिंगचं काम (इंजिनातल्या झडपांची वेळ राखणारी चेन किंवा पट्टा), क्लच, डिझेल फवारणारे इंजेक्टर यांतलं काय झालंय आणि काय व्हायचंय हे तुला कधीच कळणार नाही.

आकडा खरा की खोटा, हे गाडीच सांगते. ब्रेक आणि क्लचच्या पॅडलचं रबर बघ, ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या कडा बघ, स्टेअरिंगवर हात ठेवायची जागा किती गुळगुळीत झाली ते बघ. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो; ३२२३ म्हणजे २०२३ सालचा बत्तिसावा आठवडा. प्रत्येक काचेवरही तारखेची खूण असते. बाकी काचा एका सालच्या आणि पुढची एकच दुसऱ्या सालची निघाली, तर का बदलली ते विचार. दगड लागूनही काच फुटते, पण मग अपघात झाला नव्हता ना हे कळायला बॉनेटखालच्या पट्ट्या आणि वेल्डिंगचे मूळ ठिपकेही नीट बघून घे. गाडीचा नंबर टाकून ई-चलनंही काढ. ती भरायची राहिली आहेत का ते कळतंच, शिवाय गाडी कोणत्या गावांत फिरत होती तेही कळतं.

मॉडेलबद्दल माझी आवड सरळ आहे. १२४८ सीसीचं इंजिन असलेली डिझायर किंवा टोयोटाची इटिऑस डिझेल. डिझायरमधलं इंजिन मूळ फियाटचं. तेच स्विफ्टमध्ये, तेच टाटाच्या व्हिस्टा आणि मान्झामध्ये; आपल्या रांजणगावलाही ते बनत होतं. म्हणून रात्री घोटीला गाडी बंद पडली तरी त्याला हात लावणारा मिस्त्री सापडतो. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, इटिऑसही त्याच वर्षी गेली, पण सुटे भाग मिळतात. अर्टिगा डिझेल बघितलीस तर १.३ लिटरची, म्हणजे त्याच १२४८ सीसीची बघ, १.५ लिटरचं इंजिन २०१९ ला आलं आणि वर्षभरात बंद झालं, त्या वाटेला जाऊ नकोस. शेवरोलेने २०१७ अखेर भारतात विक्री थांबवली, म्हणून टॅव्हेरा कितीही स्वस्त मिळाली तरी नको. इनोव्हाची किंमत तुझ्या बजेटबाहेर आहे. तरी मोह झालाच तर लक्षात ठेव, जुन्या २.५ लिटरच्या इनोव्हाला टायमिंग बेल्ट आहे; तो बदलल्याचं बिल नसेल तर त्याचा खर्च किमतीतून वजा कर. २०२० नंतरच्या बीएस-सिक्स (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) डिझेल गाड्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी धरणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला मोकळ्या रस्त्यावर सलग पळणं लागतं. नुसती शहरात फिरलेली असेल तर तो तुंबलेला निघू शकतो, आणि कुणी तो काढूनच टाकला असेल तर ती गाडी घ्यायचीच नाही.

गाडी बघायला सकाळी लवकर जा, आणि इंजिन थंड ठेवायला आधीच सांगून ठेव. पोचल्यावर बॉनेटला हात लाव. गरम लागलं तर चहा घेऊन सरळ घरी परत ये, कारण डिझेलचे बहुतेक आजार थंड स्टार्टलाच दिसतात. पहिल्या सेल्फला उचलते का, आणि धूर कसा येतो ते मागे उभा राहून बघ. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत जात असेल किंवा इंजेक्टर नीट फवारत नसतील. रेस केल्यावर काळा ढग आला तर एअर फिल्टरपासून टर्बोच्या (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) पाइपापर्यंत काहीही असू शकतं. मग आयडलवर ऑइलचं झाकण सैल कर. थोडी वाफ जुन्या इंजिनाला असतेच, पण झाकण थडथड उडत असेल तर बॅक कम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिन काम निघणार. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग दिसला तर पुढचं काही बघत बसू नकोस, नमस्कार करून निघ. ही टाकी मात्र थंड असतानाच उघडायची.

आणि चक्कर मारायची ती रिंगरोडवर नाही. मालकाला डिझेलचे पैसे दे आणि नांदुरीहून सप्तशृंगी गडावर गाडी चढव. चार माणसं बसवून, एसी चालू ठेवून. तापमानाचा काटा हलतो का, तिसऱ्या गिअरला क्लच घसरतो का, टर्बोची शिट्टी वाढते का, सगळं त्या सुमारे दहा किलोमीटरच्या घाटात कळेल. उतरताना ब्रेक एका बाजूला ओढतात का तेही बघ. मालक घाटाला नाही म्हणाला, तर तू गाडीला नाही म्हण.

दुसरी, ती दिल्ली पासिंगची, म्हणजे दिल्लीत नोंदलेली स्वस्त गाडी, सोडून दे. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून बंधनं आली, म्हणून त्या वयाच्या जवळ पोचलेल्या गाड्या बाहेर विकायला निघतात. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), इथला टॅक्स, नवा नंबर हे सगळं धरलं की स्वस्ताई संपते.

कागदांत आळस करू नकोस. आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन लगेच आरटीओत टाक. विमा १४ दिवसांत तुझ्या नावावर करून घे. गाडी नावावर झाली म्हणजे परमिट झालं असं नाही, ते वेगळं करावं लागतं. टुरिस्ट परमिटला तू घेशील त्या गाडीचं वय अजून किती वर्षं चालेल, ते पेठ रोडच्या आरटीओत स्वतः जाऊन विचार, एजंटच्या तोंडचं धरू नकोस. पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी असतं, नंतर दरवर्षी. तो एक जादा दिवस आणि खर्च हिशेबात धर.

तुझ्याजवळ चार लाख आहेत ना? मग गाडी सव्वातीनपर्यंतच बघ. बाकीचे पैसे टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, विमा आणि पहिल्या दोन महिन्यांत जे निघेल त्यासाठी. पहिल्याच महिन्यात क्लच गेला आणि हाताशी पैसे नाहीत म्हणून गाडी दारात उभी राहिली, अशी चांगली पोरं मी या धंद्यातून बाहेर पडताना पाहिली आहेत. तुझं तसं होऊ नये, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

तिसऱ्या, आडगावच्या त्या इटिऑसचा फोटो मला बरा वाटला. टोकन देण्याआधी आरसीच्या दोन्ही बाजू आणि चेसिसवरच्या नंबराचा जवळून काढलेला फोटो पाठव. रविवारी मी मोकळा आहे, सकाळी सहाला थेट तिथेच येतो. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा