रोबोटिक आर्मनं सिरॅमिक्स करायचं तर आधी हातानं माती शिकावीच लागते का?

हो, लागते. तुम्ही लिहिलंय की ग्रासहॉपर (आकार डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) उत्तम येतं, आर्म चालवता येतो, मग मातीत वर्ष कशाला घालवायचं आणि आर्म कुठला घ्यायचा. हे वाचलं आणि तीन वर्षांपूर्वीचं भांडण जसंच्या तसं आठवलं, म्हणून लिहायला बसलो.

मी मातीकाम करणारा, पार्टनर कोडवाला. एका भिंतीसाठी जाळीचे ६० तुकडे करायचे होते, प्रत्येक ३० सेंटीमीटर उंच, एकमेकांत बसणारे. आमची माती ओल्यापासून भाजून निघेपर्यंत १२ टक्के आकसते हे मीच त्याला सांगितलं होतं. त्यानं फाइल १२ टक्क्यांनी मोठी केली आणि विषय संपवला. आता हिशोब बघा, ३० चे झाले ३३.६, पण माती १२ टक्के आकसणार ती ३३.६ च्या, म्हणजे हातात येणार साडेएकोणतीस. ०.८८ नं भागायला हवं होतं, म्हणजे ३४.१.

तेही एकवेळ सांध्यात जिरलं असतं. खरी गोची अशी की माती सगळीकडून सारखी आकसतच नाही. आर्म माती नोझलमधून, म्हणजे टोकाच्या तोटीतून, थरावर थर सोडत जातो, ती सलग यावी म्हणून चाकावरच्या मातीपेक्षा सैल ठेवावी लागते, पाणी जास्त म्हणजे आकसणं जास्त, त्यात तळ फळीला चिकटलेला, त्याला हलता येत नाही, आणि वरची कड मोकळ्या हवेत आधी सुकून आत ओढली जाते. मी म्हटलं आधी चार तुकडे करून, सुकवून, भाजून बघू. तो म्हणाला सिम्युलेशनमध्ये सगळं आलंय.

पहिल्या भट्टीतून २२ तुकडे निघाले, १४ तळाशी चिरलेले. एक अजून माझ्याकडे आहे. थरांच्या रेषा इतक्या देखण्या की हात फिरवत राहावं, आणि खाली कडेपासून आत गेलेली चीर, नख सहज जाईल एवढी. त्याचं म्हणणं, माती खराब. त्याच पोत्यातल्या मातीचे, चाकावर केलेले माझे वाडगे त्याच भट्टीत वरच्या शेल्फवर होते, एकालाही तडा नव्हता. हे दाखवलं तरी त्यानं मान्य केलं नाही, आजही करत नाही.

पुढच्या खेपेला फळीवर वर्तमानपत्र घातलं म्हणजे तळाला सरकायला वाव मिळतो, वरची कड प्लॅस्टिकनं झाकली, आठवडाभर हळूहळू सुकू दिलं. दोनच गेले.

म्हणून जो कोणी म्हणेल की मटेरियल म्हणजे कोडमधला एक पॅरामीटर, त्याच्याकडून शिकू नका. जोनाथन कीपचं काम बघा, तो मुळात हातानं भांडी करणारा माणूस, नंतर त्यानं मातीचा प्रिंटर स्वतः बांधला आणि त्याचे प्लॅन सगळ्यांसाठी खुले केले. त्याच्या भांड्यांत माती कळलेला माणूस दिसतो.

एक मात्र सांगायला हवं, चाकच शिका असं मी म्हणत नाही. प्रिंटर जे करतो ते मातीच्या वळ्या एकावर एक रचणंच आहे, त्यामुळे दोन-तीन महिने हातानं वळ्यांची भांडी केलीत तरी पुष्कळ कळेल, ओली वळी किती वजन पेलते, कुठे बसते, आधीचा थर किती सुकल्यावर पुढचा धरत नाही. आणि आर्मला मी नावं ठेवत नाही. ६० तुकडे, प्रत्येकाचा बाक वेगळा, आणि तरी शेजारच्यात बसणारा, हे मला हातानं जन्मात जमलं नसतं.

आकसणं मोजायला १० सेंटीमीटरची खूण केलेल्या पट्ट्या प्रिंट करा, आडव्या वेगळ्या आणि उभ्या वेगळ्या, भाजून मोजा, दोन्हींचा आकडा वेगळा येऊ शकतो. पाण्याचं प्रमाण बदललं की परत मोजा.

आर्म वजन पेलणारा कुठलाही चालेल, पैसे एक्स्ट्रूडरवर, म्हणजे नोझलमधून माती ढकलणाऱ्या भागावर घाला. स्क्रूवालाच घ्या, नुसत्या हवेच्या दाबावरचा थांबवला तरी माती येत राहते. आणि माती भरताना नीट मळून हवा काढा, एक बुडबुडा नोझलपाशी फुटला की तिथे थरात भोक पडतं.