पंचशीलातले ‘वेरमणी’ आणि ‘सिक्खापदं’

प्रश्न असा : बौद्धांच्या पंचशीलात, म्हणजे पाली भाषेत म्हटल्या जाणाऱ्या पाच शीलांत, पाचही वेळा येणाऱ्या ‘वेरमणी सिक्खापदं समादियामि’ याचा अर्थ ‘करणार नाही अशी शपथ घेतो’ असा होतो का? आणि ‘सिक्खापदं’मध्ये शिक्षा कुठून आली?

शपथ नाही आणि दंडही नाही. ‘वेरमणी’ हे स्त्रीलिंगी नाम. वि + रम्, म्हणजे थांबणे, परावृत्त होणे, या धातूचे. मराठीतला ‘विराम’ त्याच घरातला. ‘वैर’ शब्दाशी त्याचा संबंध जोडतात, पण तो अट्ठकथांमधला, म्हणजे जुन्या पाली टीकाग्रंथांमधला, शब्दखेळ आहे, व्युत्पत्ती नव्हे. पहिल्या शीलाच्या सुरुवातीचे ‘पाणातिपाता’ (जीव घेण्यापासून) ही पंचमी विभक्ती, संस्कृत ‘प्राणातिपातात्’. पालीत शेवटचा त् गळतो. ‘सिक्खापदं’ म्हणजे शिकण्याचा, अंगी बाणवण्याचा नियम. मराठीत ‘शिक्षा’ दंडाच्या अर्थाने रुळली, तरी ‘शिक्षक’ आणि ‘शिक्षण’मध्ये जुना अर्थ शाबूत आहे. ‘समादियामि’ म्हणजे अंगीकारतो किंवा अंगीकारते. पालीत क्रियापदाला लिंग नाही. अनेकांनी मिळून म्हणताना ‘समादियाम’ हे अनेकवचनही चालते.

सबंध अर्थ : ‘जीव घेण्यापासून विरत राहण्याचा नियम मी अंगीकारतो.’ यात ‘नको’ किंवा ‘नाही’ असा नकार मुळात नाहीच. १९५६ साली नागपूरला डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये ‘मी चोरी करणार नाही’ अशी रोखठोक वाक्ये आहेत. तो प्रतिज्ञेचा घाट आहे आणि तिथे तो योग्यच. तोच घाट पंचशीलाच्या भाषांतरात आणला की शील मोडणे म्हणजे कुणाची तरी आज्ञा मोडणे असे वाटू लागते. प्रत्यक्षात शील चुकले तर ते पुन्हा ग्रहण करतात.

नियम कधी मोडतो याचे माप अट्ठकथांनी नेमके दिले आहे. प्राणघाताला पाच अंगे : तो जीव असणे, जीव आहे हे माहीत असणे, मारण्याचा हेतू, तसा प्रयत्न आणि त्याने आलेला मृत्यू. चालताना नकळत मुंगी चिरडली तर दुसरे अंगही नाही आणि तिसरेही नाही, म्हणून शीलभंग नाही. खोटे बोलण्याला चार अंगे, आणि शेवटचे असे की ऐकणाऱ्याला ते कळले पाहिजे.

म्हणताना आणि छापताना सर्वांत जास्त घोटाळा दुसऱ्या शीलात होतो. ‘अदिन्ना दाना’ असे तोडले की कानाला ‘दान’ ऐकू येते आणि अर्थच उलटतो. फोड अदिन्न + आदान अशी आहे : न दिलेले घेणे. हे ‘चोरी’हून बरेच व्यापक आहे. सहकाऱ्याच्या टेबलावरचे पेन न विचारता खिशात घालणेही त्यात येते. पहिल्यातही ‘पाणाति पाता’ नको. पाण + अतिपात.

पाचव्यातल्या ‘सुरामेरयमज्जपमादट्ठाना’ या शब्दामधल्या ‘पमादट्ठाना’कडे सहसा लक्ष जात नाही. सुरा धान्याच्या पिठाची किंवा भाताची, मेरय फुले, फळे, मध, गूळ यांच्या आसवाचे, मज्ज म्हणजे मद्य. ही सगळी ‘प्रमादाची ठाणी’. आजच्या मराठीत प्रमाद म्हणजे चूक. पालीत ‘पमाद’ म्हणजे गाफीलपणा. बुद्धांच्या अखेरच्या उपदेशातला ‘अप्पमादेन सम्पादेथ’ हा शब्द याच्याच नेमका उलट : सावध राहून साध्य करा.