बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, मग कपड्यांच्या पावडरीला कसा येतो?

आपला प्रश्न असा आहे की, बोअरच्या पाण्यात अंगाचा साबण कितीही घासला तरी फेस येत नाही, उलट बादलीच्या कडेला पांढरट साका धरतो; मग त्याच पाण्यात कपड्यांच्या पावडरीला फेस कसा येतो? दोन्ही सर्फॅक्टंटच (पाणी व तेल दोन्हींशी जमवून घेऊन मळ सोडवणारे पदार्थ) आहेत, फरक आहे तो रेणूच्या एका टोकाचा.

सर्फॅक्टंटच्या रेणूला तेलकट मळात शिरणारी कार्बन अणूंची लांब साखळी असते आणि दुसऱ्या टोकाला पाण्याशी जमणारा गट असतो. साबणात हा गट कार्बॉक्झिलेटचा असतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शिअम व मॅग्नेशिअम बरेचदा भरपूर असते, आणि त्यांच्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारे कॅल्शिअम स्टिअरेटसारखे क्षार तयार होतात. आपल्या बादलीतला साका तो हाच, आणि पाण्यातले कॅल्शिअम-मॅग्नेशिअम संपेपर्यंत घातलेला साबण वायाच जातो.

पावडरीत कार्बॉक्झिलेटऐवजी सल्फोनेट गट असतो, तो कॅल्शिअमला इतक्या सहज बळी पडत नाही. शिवाय पावडरीतला सोडा बरेचसे कॅल्शिअम आधीच अडवतो. हा सल्फोनेट ज्यापासून बनतो आणि या धंद्यात ज्याला ‘अ‍ॅसिड स्लरी’ म्हणतात, तो काकवीसारखा दाट, तपकिरी द्रव लिनिअर अल्काइल बेंझीनवर सल्फर ट्रायऑक्साइडची क्रिया करून मिळवतात. छोट्या कारखान्यांत ती सोडा अ‍ॅशमध्ये (धुण्याच्या सोड्यात) थोडी थोडी ओततात, कारण कार्बन डायऑक्साइड सुटून मिश्रण तापते आणि फुगते. घाई केली की घमेल्याबाहेर आलेच म्हणून समजा.

‘लिनिअर’ म्हणजे सरळ साखळीचे. पूर्वीची साखळी फाटे फुटलेली असे, ती जिवाणूंना सहजी तोडता येत नसे आणि युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे थर साचत. जर्मनीने 1961 मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, तर अमेरिकी उत्पादक 1965 मध्ये सरळ साखळीकडे वळले.

फेस आणि स्वच्छता यांची मात्र आपण उगीच सांगड घालतो. फ्रंट लोड मशीनची पावडर मुद्दाम कमी फेसाची बनवतात, कारण फेस जास्त झाला की कपडे नीट आपटले जात नाहीत. कांद्यावर औषध फवारताना शेतकरी ‘स्टिकर’ घालतात, तेही सर्फॅक्टंटच. ते नसेल तर मेणचट पातीवरून थेंब घरंगळून जातो, असेल तर तो पसरून चिकटतो. तिथे फेस कोणालाच नको असतो.

अंघोळीसाठी पाणी उकळून, निवळून घेतल्यास बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा जातो. सल्फेट व क्लोराइडमुळे आलेला जात नाही, त्याला सॉफ्टनरच (पाण्यातले कॅल्शिअम-मॅग्नेशिअम काढणारे यंत्र) बसवावा लागतो.