स्पर्धा नको, पदकं नकोत, मित्रांबरोबर मजा हवी: धावणं, सायकल की घोडेस्वारी?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण सहा वर्षांपूर्वी हाच वाद आमच्यात चहाच्या टेबलावर झाला होता. तुम्ही लिहिलंय की वय 41, काम बसून, चौघे मित्र. एकाला धावायचंय, एकाला सायकल, तिसरा माथेरानला घोड्यावर बसून आल्यापासून दुसरं काही बोलतच नाही, आणि तुम्हाला कुणीतरी एकदाचं काय ते ठरवून द्यायला हवंय. मी 47 वर्षांची, पुण्यात राहते, एका कंपनीत हिशेब बघते. तिन्ही करते आणि तिन्हींत सुमार आहे. जत्रेला हौशे, नवशे, गवशे सगळेच जातात, त्यातली मी हौशी. तेव्हा तज्ज्ञाचं उत्तर हवं असेल तर पुढच्या उत्तराकडे वळा.

सुरुवात धावण्यापासून करा. बूट सोडले तर खर्च नाही आणि उद्या सकाळी सुरू करता येतं. पण ‘मित्रांबरोबर’ या शब्दाचा अर्थ तिन्ही ठिकाणी वेगळा निघतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर आमची निदान दोन भांडणं वाचली असती.

धावणं म्हणजे गप्पा. मी, माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि सोसायटीतले दातांचे डॉक्टर, असे आम्ही तिघं मंगळवारी आणि गुरुवारी पावणेसहाला तळजाईच्या टेकडीवर धावतो. नियम एकच: कुणाला धापेमुळे वाक्य पुरं करता आलं नाही की सगळ्यांनी वेग कमी करायचा. मनगटावरच्या घड्याळापेक्षा मला हे माप जास्त खात्रीचं वाटतं. मैत्रिणीच्या सासूबाईंचा मोतीबिंदू, डॉक्टरांच्या मुलाची अकरावीची ॲडमिशन, हे सगळं मी टेकडीवर हप्त्याहप्त्याने ऐकलंय. शेजारी शेजारी धावताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. त्यामुळे घरात बसून जे बोलणं होत नाही ते तिथे सहज होतं. मधेच मोर ओरडतो, तेवढाच काय तो खंड.

पहिल्या वर्षी मात्र मी हावरटपणा केला. सातारा हिल हाफ मॅरेथॉनचं नाव नोंदवून बसले आणि दोन महिन्यांत आठवड्याचं अंतर दुपटीवर नेलं. दम टिकत होता, म्हणून वाटलं सगळं ठीक आहे. पण छाती काही आठवड्यांत तयार होते, हाडं आणि स्नायूबंध आपल्या गतीने, सावकाश. उजवी नडगी अशी धरली की जिना उतरताना कठड्याला लोंबकळायची वेळ आली. दीड महिना सक्तीची विश्रांती. पुढच्या वर्षी पोचलो. अर्धी शर्यत यवतेश्वरच्या घाटात नुसती चढायची आणि मग तोच घाट उतरून परत यायचं. चढाला सगळे घाबरतात, पण माझी वाट लावली ती उताराने. उतरताना मांड्या ब्रेकचं काम करतात आणि त्याचं बिल दुसऱ्या दिवशी येतं. पावसात भिजून, 21 किलोमीटरला पावणेतीन तास लावून आले. घाटात पुढे मी होते आणि थांबत होते मैत्रिणीसाठी. तिची चाल गोगलगायीची आणि तिला त्याचं काही वाटत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सायकलीवर गप्पा होत नाहीत. रस्त्यावर एकामागे एक राहावं लागतं, कानात वारा, मागून ट्रक. बोलणं म्हणजे पुढच्याने “खड्डाऽऽ” म्हणून ओरडायचं आणि मागच्याने शिव्या द्यायच्या. त्यातही मैत्री असते, पण मुकी. पुढचा वारा अंगावर घेतो म्हणून मागच्याला पेडल हलकं जातं. दर दोन-तीन किलोमीटरला पुढचा बाजूला होऊन मागे येतो. कोण आपल्या पाळीला कुचराई करतो ते महिन्याभरात कळतं. आमचे डॉक्टर कधीच करत नाहीत, उलट दुसऱ्याची पाळीही खातात.

आमचं पहिलं भांडण सिंहगडावर झालं. खडकवासला, डोणजे इथपर्यंत सगळे एकत्र, पुढे शेवटचे आठ-नऊ किलोमीटर चढ. मी म्हटलं, सगळ्यांनी बरोबर चढायचं. डॉक्टर माझ्या चालीने चढायला लागले आणि तिसऱ्या वळणावर चिडले. चढावर आपल्या लयीपेक्षा हळू जाणं हे जोरात जाण्याइतकंच छळणारं असतं. पेडल अडखळतं, तोल जातो. ते बरोबर होते, पण हे मला तेव्हा पटलं नाही. मी परत येईपर्यंत फुगून होते. आता आमचा करार असा आहे: चढावर कुणी कुणासाठी थांबायचं नाही, वर मात्र सगळ्यांनी सगळ्यांसाठी थांबायचं. मी पोचते तेव्हा डॉक्टर मडक्यातलं दुसरं दही संपवत असतात. मैत्रीण अजून वीस मिनिटांनी, सायकल हातात धरून. मग पिठलं-भाकरी. उतरताना मागचा-पुढचा ब्रेक आलटून पालटून, थोडा थोडा दाबायचा. सतत दाबून धरला तर रिम तापते.

स्पर्धा नको म्हणता, तर एक गोष्ट ऐकून ठेवा. ब्रेव्हे नावाचा लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा प्रकार आहे. मूळ फ्रान्सचा, पुण्यातही नेहमी होतो. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे. पहिला-दुसरा नंबर काढतच नाहीत. उलट फार लवकर पोचलात तर शेवटचा थांबा उघडलेलाच नसतो. 200 ला 5 तास 53 मिनिटांच्या आत आलेला धरत नाहीत! मला हा नियम इतका आवडला की निव्वळ त्यासाठी एक केली. जाताना खंबाटकीचा घाट, येताना बोगदा (तो मात्र मला आवडला नाही), आणि वेळ संपायला वीस मिनिटं असताना कार्डावर शेवटचा शिक्का.

आता घोडा. तुमच्या माथेरानवाल्या मित्राला प्रेमाने सांगा की तो घोड्यावर बसून आलाय, घोडा चालवून नाही. तिथला घोडा रोजच्या वाटेने, घोडेवाल्याच्या आवाजावर चालतो. पाठीवर पोतं असलं तरी तो पॉइंट दाखवून आणेल.

आम्ही शिकलो शहराबाहेरच्या एका तबेल्यात. अशा शाळांमध्ये बरेच घोडे रेसमधून निवृत्त झालेले असतात. माझ्या वाट्याला आला तो बादशाह, तपकिरी, उंच, नोकरीतून लवकर निवृत्ती घेतलेल्या साहेबासारखा चेहरा. रेसच्या घोड्याची गंमत अशी की आपण घाबरून लगाम आवळला आणि पुढे झुकलो की तो त्याचा अर्थ ‘पळ’ असा घेतो. आणि नवशिका माणूस घाबरल्यावर नेमक्या ह्याच दोन गोष्टी करतो. इथेच घोडं पेंड खातं. पाठ सरळ, टाच खाली, श्वास बाहेर, लगाम थोडा सैल. हे सगळं भीतीच्या विरुद्ध आहे आणि शरीराला ते पटवायला मला चार महिने लागले.

दुसऱ्याच आठवड्यात पडले, तेही उभ्या घोड्यावरून. घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दार मामांनी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, कसला आणि म्हणाले, “बाई, पोट फुगवून उभाय तो. दोन चकरा पायी फिरवा, मग परत कसून घेऊ.” खोगीर बांधताना काही घोडे श्वास भरून घेतात, चालायला लागल्यावर सोडतात, की पट्टा ढिला. मी हो म्हटलं आणि मामा दुसऱ्या घोड्याकडे वळल्यावर शहाणपणा करून डावा पाय रिकिबीत घातला. खोगीर माझ्यासकट गोल फिरून घोड्याच्या पोटाकडे आलं. बादशाह जागचा हलला नाही. फक्त मान वळवून खाली बघितलं. मामांनी काही म्हटलं नाही, तेच जास्त लागलं.

ट्रॉट, म्हणजे आपली दुडकी चाल, ही खरी परीक्षा. पाय कर्णात जोडीने पडतात, म्हणून दोनच ठेके. एका ठेक्याला उठायचं, दुसऱ्याला बसायचं. चुकलं की मणके खुळखुळतात. आम्ही सगळे “एक-दोन, एक-दोन” मोजत होतो. मी आणि डॉक्टर ठोकळ्यासारखे आपटत होतो, आणि शेजारून आमची गोगलगाय, जी टेकडीवर शेवटी आणि सिंहगडावर सायकल ढकलत, ती अशी उठत-बसत होती जणू जन्मभर तेच केलंय. तिला घाई नसते. धावताना जो तिचा दोष वाटायचा, त्याच्यावर घोडा खूष. तेव्हापासून ती आमच्यासाठी थांबते. टेकडीवर मी थांबते, गडावर डॉक्टर, मैदानात ती. म्हणून तुम्हाला सांगते, एकावर शिक्का मारू नका. चौघांत एकच खेळ असला की तोच माणूस रोज मागे राहतो, आणि तीन महिन्यांनी त्याला रविवारी सकाळी न चुकता काहीतरी काम निघतं.

घोड्यावर सोबतीत आणखी एक भानगड असते: घोड्यांच्या आपापसातल्या मैत्र्या. बादशाहला डॉक्टरांची घोडी चालत नाही. ती जवळ आली की ह्याचे कान मागे. अंतर राखायचा शाळेतला नियम असा, की आपल्या घोड्याच्या दोन कानांमधून पुढच्या घोड्याच्या मागच्या टाचा दिसल्या पाहिजेत. दिसेनाशा झाल्या की आपण फार जवळ गेलोय. शेवटची पंधरा मिनिटं खराऱ्याची. अंग चोळायचं, खूर उचलून माती काढायची, तळहात सपाट ठेवून गाजर द्यायचं. खरं सांगू, तो वेळ मला स्वारीपेक्षा जास्त आवडतो. डॉक्टरांना मात्र घोडा विकत घ्यायची स्वप्नं पडतात. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. चंदी-वैरण, नालबंद आणि पशुवैद्य यांचं बिल ऐकल्यावर डॉक्टरांनी बारगीर राहायचं ठरवलंय.

थोडं व्यवहाराचं. घोड्यावर पहिल्यांदा बसाल त्याच्या दुसऱ्या दिवशी धावायचं ठरवू नका. मांड्यांचा आतला भाग असा धरतो की कमोडवर बसतानाही देव आठवतो. आमचा शनिवार घोड्याचा, रविवार सायकलचा, तोही सपाट रस्त्याचा, गड महिन्यातून एकदा. सायकल पहिले तीन महिने कुणाची तरी मागून चालवा, गिअर असलेली कुठलीही. घोड्यासाठी लांब पँट आणि छोटी टाच असलेले बूट पुरतात, पाय रिकिबीत अडकू नये म्हणून टाच हवी. टोपी मात्र स्वतःची घ्या, दोन्हीकडे. सायकलचं हेल्मेट वेगळं, घोड्याचं वेगळं. सायकलच्या हेल्मेटवर घोड्यावर बसू देणारी शाळा दिसली तर फी कितीही कमी असली तरी परत फिरा.